घरावर संकट आले असता देवावर भार कसा टाकावा आणि आपली मर्यादा कशी ओळखावी

घरातले एखादे माणूस अचानक अतिदक्षता विभागात दाखल होते, धाकटा भाऊ दारूच्या आहारी जातो, लेक सासरहून पोरांसह परत येते किंवा कर्जाचे हप्ते थकून दारात वसुलीची माणसे येऊ लागतात, तेव्हा संकट सगळ्या घरावर आलेले असले तरी त्याचा भार बहुधा एकाच माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतो. तो माणूस कोण, हे बऱ्याच घरांत आधीच ठरून गेलेले असते. बँकेचे आणि सरकारी कचेरीचे व्यवहार ज्याला कळतात तो मुलगा, सगळ्यांची औषधे जिला पाठ असतात ती सून, किंवा लग्न न करता आईवडिलांजवळ राहिलेली मुलगी. पुढचे सारे अशा माणसासाठी लिहिले आहे, आणि तो माणूस देव मानणारा आहे असे धरून लिहिले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की देवावर भरवसा ठेवणे ही मनातल्या मनात एकदा ठरवून टाकण्याची गोष्ट नाही. ती रोज हाताने करावी लागते. 'सगळे त्याच्यावर सोडले आहे' असे म्हणणारा माणूस रात्री रुग्णाजवळ दुसऱ्या कुणाला बसू देत नाही, शेजारच्या घरून डबा आला तर ओशाळतो, डॉक्टरांनी सांगितलेले पटत नाही म्हणून पहाटेपर्यंत मोबाईलवर वाचत बसतो, आणि तरीही आपण सारे देवावर सोडले आहे असेच त्याला मनापासून वाटत असते. त्याची श्रद्धा खरी असते, याबद्दल मला शंका नाही. ती अजून त्याच्या हातांपर्यंत पोहोचलेली नसते, एवढेच. नागपुरात असा माणूस फार वेळा भेटतो, कारण इथे गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्यापासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण उपचारासाठी येतात, आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आवारात किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांच्या पायऱ्यांवर रुग्णाची फाईल उशाशी घेऊन एकटाच जागणारा कुणीतरी असतोच.

आधी रुग्णवाहिका, मग देवघर

संकट आरोग्याचे असेल तर पहिल्या काही तासांत श्रद्धेचा आणि उपचाराचा झगडा घरात होऊ देऊ नये. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलता येईना, बोलणे अडखळू लागले, की तो लकवा आहे असे समजून १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्ण शेवटचा ठीक किती वाजता दिसला होता ती वेळ कागदावर टिपून ठेवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि ते द्यायचे की नाही हे ठरवताना डॉक्टर सर्वांत आधी तीच वेळ विचारतात. ज्यांना देवापुढे दिवा लावायचा आहे त्यांनी तो अवश्य लावावा, पण त्यासाठी घरातल्या एकाच माणसाने मागे थांबावे आणि बाकीच्यांनी निघावे. दिवा लावणारा आणि गाडीत बसणारा, दोघेही एकाच देवाचे काम करत असतात.

पावसाळ्यात विदर्भाच्या खेड्यांतून सर्पदंशाचे रुग्ण येतात आणि त्यांतले काही उशिरा येतात, कारण आधी मांत्रिकाकडे जाणे झालेले असते. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. घरातले वडीलधारे अंगाऱ्याचा आग्रह धरत असतील तर त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. अंगारा कपाळाला लावावा आणि त्याच क्षणी गाडी काढावी. जो माणूस 'आधी देवाचे होऊ द्या, मग दवाखाना' असे सांगतो त्याचे या एका बाबतीत मुळीच ऐकू नये, मग तो नात्याने कितीही मोठा असो.

फाईलच्या मागचे तीन रकाने

पहिली धावपळ ओसरली की डोक्यात शंभर गोष्टी एकाच वेळी फिरू लागतात, आणि माणूस खचतो तो याच टप्प्यावर. यावर जो उपाय मी सांगणार आहे तो आमच्या घरात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी केला. सासूबाईंना लकवा झाला होता. जाऊबाईंनी रुग्णालयाच्या फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूने, पेनाने तीन उभे रकाने आखले. पहिल्यावर त्यांनी 'आपले' असे लिहिले, दुसऱ्यावर 'त्यांचे', आणि तिसऱ्यावर काही न लिहिता नुसते स्वस्तिक काढले. पहिल्या रकान्यात रात्रीच्या गोळीची वेळ होती, दर दोन तासांनी कूस बदलायची होती, नळीतून पातळ भरवताना पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली ठेवायची होती, विम्याच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. दुसऱ्या रकान्यात डॉक्टरांचे निर्णय, फिजिओथेरपीवाल्या मुलीचे काम आणि पुण्याच्या भाऊजींचे येणे होते. स्वस्तिकाच्या खाली एकच ओळ होती: 'आई परत बोलतील की नाही.'

हे रकाने प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या संकटापुरते भरावेत. पहिल्या रकान्यात फक्त अशीच कामे लिहावीत जी आज, आपल्याला, प्रत्यक्ष करता येतील. 'बाबांना बरे करणे' हे काम तिथे लिहिता येत नाही. 'बाबांच्या रक्ताचा अहवाल संध्याकाळी ५ च्या आत आणणे' हे लिहिता येते. दुसऱ्या रकान्यात ज्यांची जबाबदारी आपली नाही अशा माणसांची कामे येतात, आणि मर्यादा ओळखण्याचा खरा कस या रकान्यात लागतो, कारण यातली कामे उचलून पहिल्यात आणण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. भाऊजी येतील की नाहीत हे भाऊजींनी ठरवायचे आहे. त्यांना कळवणे एवढेच आपले. कळवून झाले की पहिल्या रकान्यातली ती ओळ खोडावी आणि पुन्हा लिहू नये. तिसऱ्या रकान्यात जे कुणाच्याच हातात नाही ते येते. त्यातल्या ओळी सहसा फार थोड्या असतात, पण रात्रीची झोप त्याच घेऊन जातात.

रोज रात्री, प्रार्थनेच्या आधी, हा कागद काढावा. पहिल्या रकान्यातले जे झाले ते खोडावे, जे राहिले ते उद्यासाठी ठेवावे, दुसऱ्यातल्या माणसांची नावे एकेक वाचावीत, आणि मग तिसरा रकाना देवापुढे वाचून फाईल मिटावी. तिसऱ्या रकान्यातल्या विषयावर त्या रात्री कुणाशीही पुन्हा बोलायचे नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा. पहिले काही दिवस तो पाळला जात नाही. तरी नेटाने चालू ठेवावे.

प्रार्थना लहान असावी आणि वेळ ठरलेली असावी

संकटात माणूस एक तर देवाचे सारे सोडून देतो किंवा एकदम पारायणे, अनुष्ठाने आणि अकरा मंदिरांच्या फेऱ्या सुरू करतो. दोन्ही टोके थकवतात. ज्याला रुग्णालयात दिवस काढायचे आहेत त्याने पाच-दहा मिनिटांत होईल एवढीच प्रार्थना ठरवावी आणि ती रोज त्याच वेळी करावी. नामस्मरणाला जागा लागत नाही. बाहेरच्या लोखंडी बाकावर, लिफ्टच्या रांगेत, मेडिकल चौकातून ऑटोने जाताना ते होते. मेयोत रुग्ण असेल तर सिताबर्डीचा टेकडी गणपती जवळ आहे, आणि पहाटे तिथे जाऊन आल्याने कुणाला बळ येत असेल तर त्याने जरूर जावे. पण एखादा दिवस जाणे झाले नाही म्हणून काही अशुभ घडेल ही भीती मनातून काढून टाकावी. कोराडीची देवी, रामटेकचा राम किंवा ताजबागचे बाबा आपली हजेरी मांडत बसलेले नाहीत.

देवाकडे काय मागावे, हा प्रश्न नाजूक आहे. 'माझ्या माणसाला वाचव' असे मागण्यात काहीच गैर नाही, आणि ज्याला तसे मागावेसे वाटते त्याला स्थितप्रज्ञतेचा उपदेश करणे हे निष्ठुरपणाचे आहे. त्याच्या जोडीला रोज आणखी एक लहान मागणे मागावे, असे मी सुचवीन: आजच्या दिवसाला पुरेल एवढे बळ, आजच्या कामापुरते भान, आणि माझ्याने होत नाही ते मान्य करण्याचा धीर. हे मागणे पुरे होते की नाही हे त्याच संध्याकाळी आपल्याला कळते, आणि त्यातून भरवसा हळूहळू वाढतो. महिनाभराच्या आजारात असा रोजचा थोडा अनुभवच माणसाला तारून नेतो.

शक्य असेल तर घरी मागे राहिलेल्यांनी संध्याकाळी एकत्र बसावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या गावागावांत सामुदायिक प्रार्थना रुजवली, आणि आजही अनेक गावांत दिवेलागणीला लोक त्यासाठी जमतात. घरातही तेच करता येते. आजी, मुले, स्वयंपाकाला आलेली मावशी, सगळ्यांनी दहा मिनिटे एकत्र बसले तर आजीला आपण नुसते ओझे नाही असे वाटते आणि मुलांना घरात काय चालले आहे हे विचारण्याची एक वेळ मिळते. मुलांना खरे सांगावे, त्यांच्या वयाला पेलेल एवढे सांगावे. 'आजोबा गावाला गेले आहेत' असे सांगितलेले मूल दारामागे उभे राहून सगळे ऐकत असते.

दीक्षाभूमीच्या या शहरात कितीतरी घरे ईश्वर न मानता धम्म मानणारी आहेत. त्या घरांत देवावर भार टाकण्याची भाषा नसते, आणि ती त्यांच्यावर लादू नये. दुःख आहे हे मान्य करण्यापासूनच तिथे सुरुवात होते, आणि त्रिशरण-पंचशील म्हणून शांतपणे पुढच्या कामाला लागणारी माणसे मी रुग्णालयांच्या वऱ्हांड्यांत पाहिली आहेत. कामे वाटून घेण्याविषयी आणि रकान्यांविषयी इथे जे लिहिले आहे ते त्यांनाही तसेच उपयोगी पडेल.

नवस आणि उपवास

नवस बोलावा की बोलू नये, यावर घरोघरी मतभेद असतात. ज्यांच्या घरात ती रीत आहे त्यांनी तो बोलताना दोन बंधने पाळावीत, असे मला मनापासून वाटते. नवस स्वतःच्या अंगावर घ्यावा. 'सून सोळा शुक्रवार करील' किंवा 'पोरगा रामटेकला अनवाणी चालत जाईल' असे दुसऱ्याच्या शरीराचे वचन देवाला देऊ नये. आणि घाबरलेल्या क्षणी बोललेला नवस दुसऱ्या दिवशी शांतपणे तपासून पाहावा. आपल्याच्याने फेडला जाणार नाही असा तो निघाला तर देवापुढे तसे स्पष्ट सांगून त्याऐवजी लहान, झेपेल असे काही कबूल करावे. माणसाची ऐपत देवाला माणसापेक्षा जास्त ठाऊक असते.

उपवासाबद्दल मात्र मी अधिक ठाम आहे. रुग्णाची सेवा करणाऱ्याने त्या काळात कडक उपवास करू नये, निर्जळ तर मुळीच नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात औषधांसाठी दोन-तीन फेऱ्या मारणारी बाई दिवसभर पाण्यावाचून राहिली तर संध्याकाळी घरातले दोघे दाखल करावे लागतात. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळले की रक्तातली साखर एकदम उतरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. ज्यांना काहीतरी सोडल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी चहातली साखर सोडावी, टीव्ही सोडावा, किंवा भाऊबंदकीतले एखादे जुने भांडण सोडावे. वेळेवर जेवणे हीसुद्धा त्या दिवसांतली सेवाच आहे.

रात्रीची पाळी, फोन आणि डबा

कुणाही एका माणसाने लागोपाठ दोनपेक्षा जास्त रात्री रुग्णालयात काढू नयेत. तिसऱ्या रात्रीनंतर त्याचे लक्ष राहत नाही, तो परिचारिकेवर चिडतो, औषधाची चिठ्ठी हरवतो, आणि परतताना गाडी चालवण्याच्या अवस्थेत नसतो. पाळ्या ठरवताना घरातल्या पुरुषांची नावे आपोआप दिवसा आणि बायकांची रात्री पडत नाहीत ना, हे मुद्दाम पाहावे. आपल्याकडे तसे सहज होऊन जाते आणि कुणी बोलत नाही. आतेभाऊ, मेहुणा, शेजारचा कॉलेजातला मुलगा, भजनी मंडळातले काका, यांना 'काही मदत लागली तर सांगीन' असे मोघम न म्हणता 'गुरुवारी रात्री ९ ते सकाळी ७ याल का?' असे थेट विचारावे. लोकांना मदत करायची असते, पण नेमके काय करावे हे त्यांना कुणी सांगत नाही.

फोन ही दुसरी मोठी दमवणारी गोष्ट. रुग्णाजवळ बसणाऱ्याने नातेवाइकांचे फोन घेऊ नयेत. त्यासाठी रुग्णालयात न जाणारा एक माणूस नेमावा आणि त्याने रोज संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एकदाच चार ओळी लिहाव्यात. प्रत्येकाला वेगळे सांगत बसले की प्रत्येकाचा सल्लाही वेगळा ऐकावा लागतो. एखादी मावशी रागावेल. रागावू द्यावी, महिन्याभराने तिला स्वतः जाऊन भेटावे.

डबा नाकारू नये. या एका गोष्टीत मी फार हट्टी आहे, कारण स्वाभिमानी घरांत 'कशाला उगाच त्रास' म्हणत परतवलेला डबा मी अनेकदा पाहिला आहे, आणि तीच माणसे मग रात्री ११ वाजता रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर बिस्किटे खाऊन झोपतात. आपण देवाकडे आधार मागतो आणि तो आधार शेजारच्या काकूंच्या हातून, स्टीलच्या चार पुडांच्या डब्यात, वरण-भात आणि भोपळ्याच्या भाजीच्या रूपाने दारात येऊन उभा राहतो. तो परत पाठवल्यावर पुन्हा देवघरात जाऊन काय मागायचे?

पैसा आणि उपचार कुठवर न्यायचे

पैशाची मर्यादा बोलून दाखवणे हे प्रेमात कमी पडण्याचे लक्षण नाही. किती रक्कम घरात आहे, किती उसनी मिळेल आणि कशाला हात लावायचा नाही, हे दाखल केल्यापासून दोन-तीन दिवसांत भावाबहिणींनी एकत्र बसून ठरवावे. शेत किंवा घर विकण्याचा निर्णय कुणी एकट्याने आणि रात्री घेऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटावे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना आपली अडचण सांगावी. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. हे सगळे विचारताना मान खाली घालायचे कारण नाही.

याहून अवघड प्रश्न उपचार कुठवर न्यायचे हा असतो. व्हेंटिलेटर लावायचा का, काढायचा का, आणखी एक शस्त्रक्रिया करायची का, असे विचारले जाते तेव्हा 'काय वाटेल ते करा, पण वाचवा' हे वाक्य तोंडातून निघते आणि मग त्यातून मागे येता येत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे शांतपणे बसून बोलण्यासाठी वेळ मागावी, घरातल्या दोघांनी जावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: या उपचाराने रुग्ण कोणत्या अवस्थेपर्यंत येऊ शकेल, त्याला स्वतःला किती त्रास होईल, आणि हा उपचार केला नाही तर काय होईल. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम आधार थांबवण्याची आणि त्याबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची रीतसर वाट घालून दिली. २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. आजार बरा होणार नसला तरी वेदना, धाप आणि अस्वस्थता कमी ठेवणारी पॅलिएटिव्ह केअर ही शुश्रूषा असते, आणि ती मागणे म्हणजे आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. श्वास किती ठेवायचे हे ज्याच्या हाती आहे त्याच्यावर आपला विश्वास असेल, तर शेवटचे दिवस यंत्रांच्या गर्दीत काढायचे की मुलांच्या सहवासात, हे विचारायला घाबरू नये.

ज्याचे मन आपल्या हाती नाही

आजाराचे संकट एका अर्थी सोपे असते, कारण त्यात कुणाचा दोष नसतो. भाऊ दारू पितो, मुलगा जुगारात पैसे घालवतो किंवा मुलीचा संसार मोडतो तेव्हा मर्यादा मान्य करणे सर्वांत जड जाते, कारण आपण नीट समजावले असते तर तो सुधारला असता ही टोचणी जात नाही. दुसऱ्याची इच्छा ही दुसऱ्या रकान्यातली गोष्ट आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, उपचाराला तयार असेल त्या दिवशी त्याच्यासोबत जावे, जेवायला वाढावे. पण त्याची उधारी फेडू नये, त्याच्या साहेबाला खोटी कारणे सांगू नयेत आणि त्याने उलटी केलेली जागा त्याला कळायच्या आत पुसून ठेवू नये. घरातल्या बायकामुलांना मारहाण होत असेल तर मात्र धीर धरण्याचा प्रश्नच येत नाही. ११२ ला फोन करावा आणि त्यांना आधी सुरक्षित जागी हलवावे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीची पहिली पायरीच दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करण्याची आहे, आणि पुढे आपापल्या समजुतीप्रमाणे ईश्वरावर स्वतःला सोपवण्याची पायरी येते. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. आपल्या भागात त्यांची बैठक कुठे भरते याची चौकशी करावी, आणि भाऊ यायला तयार नसला तरी वहिनीने आणि आईने जावे.

फळ दिसत नाही तेव्हा

कधी कधी सारे करूनही माणूस जातो. अशा घरात जाऊन 'देवाची इच्छा' असे पहिल्याच दिवशी म्हणू नये, आणि 'तुमची श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल' हे तर कधीच म्हणू नये. हे शब्द वर्षानुवर्षे मनात रुतून राहतात. ज्याचे माणूस गेले त्याला देवाचा राग आला तर तो येऊ द्यावा. देवघरात महिनाभर दिवा लागला नाही तरी चालेल. देवाशी भांडणारी भक्ती आपल्याकडे जुनीच आहे आणि संतांनीही विठ्ठलाला खडे बोल सुनावले आहेत, तेव्हा रागावलेल्या माणसाची श्रद्धा संपली असे समजून त्याला धर्म शिकवायला जाऊ नये.

राग वेगळा आणि आजार वेगळा, हे मात्र ओळखता आले पाहिजे. दोन आठवडे उलटूनही झोप येत नाही, अन्न जात नाही, अंघोळ करावीशी वाटत नाही, 'मीही गेलो तर बरे' असे बोलणे निघते, तेव्हा नामस्मरणाच्या जोडीला उपचार हवा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तो दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. नागपुरातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात घराण्याची बदनामी नाही. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला त्या रात्री एकटे ठेवू नये, आणि औषधांचा साठा व फवारणीची बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

घरी परतल्यावर

रुग्णाला सुट्टी मिळाली की पाहुणे पांगतात, डबे थांबतात आणि काळजी घेणारा पुन्हा एकटा पडतो. म्हणून पाळ्यांचा तक्ता घरी आल्यावरही निदान दीड-दोन महिने चालू ठेवावा. रात्रीऐवजी दुपारच्या दोन तासांची पाळी असली तरी पुरते, तेवढ्यात काळजी घेणाऱ्याला बाहेर पडता येते. पुढच्या तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. नवस फेडण्याची घाई करू नये, विशेषतः रामटेकच्या गडावर किंवा गर्दीच्या दिवशी कोराडीला अशक्त रुग्णाला घेऊन जाऊ नये. उन्हाळा सरू द्यावा, डॉक्टरांना विचारावे आणि मग जावे. आणि ज्याने या काळात सर्वांत जास्त रात्री जागून काढल्या त्याचा रक्तदाब, साखर आणि त्याने पुढे ढकललेली दातांची किंवा डोळ्यांची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. तो स्वतः जाणार नाही. दुसऱ्या कुणीतरी नंबर लावून त्याला सोबत न्यावे.